दुपारी तीनचा खेळ

सत्यजित राय यांच्या 'प्रतिद्वंद्वी' (1970) या चित्रपटातला सिद्धार्थ वडील गेल्यावर डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडतो, कलकत्त्यात नोकरीसाठी चपला झिजवतो आणि अखेर औषधकंपनीचा विक्रेता म्हणून बालुरघाटला जातो. बालुरघाट म्हणजे उत्तर बंगालमधलं सीमेलगतचं लहानसं शहर. एवढा हुशार पोरगा कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडला, असं वाटून प्रेक्षकाच्या पोटात कालवतं. चित्रपट थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो परभणीत बसून पाहिला की शेवटाशी अडखळायला होतं, कारण आपण बालुरघाटातच राहतो. सिद्धार्थ तिथं पोचायच्या आधीपासून तिथली पोरं होतीच की! पदवीचा कागद घेऊन, स्टँडसमोरच्या हॉटेलात एका चहावर दोन तास काढत. त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा कुणी?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' जिल्ह्याबाहेरचा माणूस ही म्हण चिडवायला वापरतो. जिल्ह्यातला माणूस ती स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे समोरच्याची मजा जाते. आणि त्याच दमात 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हेही ऐकवतो. इथला नवा पदवीधर या दोन म्हणींच्या मधे कुठंतरी राहतो. सकाळी तो जर्मनीत असतो, दुपारी तीनच्या सुमारास 'नहीं तो'पाशी येतो.

या पुस्तकात ज्या चित्रपटांवर टिपणं आहेत, त्या बहुतेकांचं कथानक एका ओळीत मावतं : कॉलेज संपलं आणि पुढचं काही सुरू झालं नाही. हे चित्रपट थोड्या पैशात झाले, बहुतेक वेळा दिग्दर्शकाच्या राहत्या गावात, मित्रांना आणि नातेवाइकांना उभं करून. त्यांत खून नाही, खजिना नाही. मुलगी असली तरी ती मिळेलच याची हमी नाही. अशा चित्रपटांविषयी मराठीत लिहायचं आणि तेही परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला समोर धरून, हा जरा आडवळणाचा उद्योग आहे. म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

आधी बाहेरचं थोडक्यात. फेलिनीच्या 'ई वितेलोनी'त (1953) समुद्रकाठच्या एका गावात पाच मित्र काहीही न करता दिवस ढकलतात; शेवटी त्यांतला एक, मोराल्दो, पहाटेच्या गाडीनं गाव सोडतो. अमेरिकेत रिचर्ड लिंकलेटरनं ऑस्टिन शहरात सुमारे 23,000 डॉलरमध्ये 'स्लॅकर' केला. त्यात कॅमेरा एका माणसाच्या मागे जातो, त्याला दुसरा भेटला की पहिल्याला सोडून दुसऱ्याच्या मागे लागतो, आणि मागे सुटलेला माणूस पुन्हा दिसत नाही. 2002 साली अँड्र्यू बुजाल्स्कीनं 'फनी हा हा' केला. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मार्नी किरकोळ नोकऱ्या करते, चुकीच्या मुलावर जीव लावते, आणि चित्रपट एका साध्या बोलण्याच्या मधेच थांबतो. या घराण्याला पुढं थट्टेनं 'मंबलकोर' असं नाव पडलं. पात्रं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात म्हणून.

हे सगळे चित्रपट मला आवडतात. पण त्यांत एक चैन आहे, ती आपल्याकडे नाही. ऑस्टिनच्या पोरांनी काम नाकारलेलं आहे. आपण रिकामे आहोत हे ती उघड सांगतात, त्यावर तत्त्वज्ञान झाडतात. परभणीत असं कुणी बोलून दाखवावं! गल्लीतल्या काकांनी 'काय करायलास सध्या?' म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : 'तयारी करायलो.' आणि ते खोटं नसतं. पोलीस भरतीवाला पोरगा पहाटे अंधारात 1600 मीटरचा सराव करतो, कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर घड्याळ लावून पळतो. राज्यसेवेवाला आंघोळ करून अभ्यासिकेत जातो. तिथं प्लायवूडच्या फळ्यांनी वेगळं केलेलं त्याचं टेबल असतं, त्यावर त्याचा नंबर, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा, समोर 'लोकराज्य'चे अंक आणि लक्ष्मीकांतचं जाडजूड पुस्तक. एका सेकंदाचीही फुरसत नाही असं वेळापत्रक, आणि त्यातून वर्षं निघून जातात. आपल्याकडचं भरकटणं असं शिस्तीत चालतं. ते पडद्यावर आणायचं तर ऑस्टिनची ढिली चाल उसनी आणून भागणार नाही.

आकड्यांत सांगायचं तर 2023च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. खुल्या प्रवर्गाला शुल्क 1000 रुपये, राखीवला 900. म्हणजे बहुतेकांनी नऊशे-हजार रुपये भरून काय विकत घेतलं? आणखी काही महिने 'तयारी करायलो' असं म्हणण्याची सोय. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. घरात त्या वाक्याला किंमत आहे. ते वाक्य आहे तोवर बापाला चारचौघांत मान वर करून उत्तर देता येतं.

परीक्षेखेरीज इथं इतरही मार्ग आहेत, तेही असेच अर्ध्यावरचे. एम.ए. झालेला, सेट-नेट काढलेला मुलगा पुन्हा कॉलेजातच येतो, पण तासिका तत्त्वावर. ज्या वर्गात शिकला त्याच वर्गात तासाच्या हिशेबानं शिकवतो, आणि सुट्टीचे महिने कोरडे जातात. बी.एड. झालेला पवित्र पोर्टलकडे डोळे लावतो. कुणी एखाद्या 'भाऊं'चा कार्यकर्ता होतो. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर वर भाऊंचा हात जोडलेला भलामोठा फोटो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट साइजची मुंडकी ओळीनं. दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्यानं तो बॅनर सावकाश वाचावा. तळातल्या ओळीत डावीकडून तिसरा, गॉगल लावलेला, जो पोरगा असतो, त्याच्यावर दीड तासाचा चित्रपट उभा राहील. त्याच्या शर्टाची इस्त्री कोण करतं, बॅनरची वर्गणी त्यानं कुणाकडून घेतली, आणि पुढच्या वर्षी त्याची जागा दोन मुंडकी पुढं सरकली की नाही, एवढं कळलं तरी पुरे.

आणि एक जागा तर सिनेमासाठीच बांधल्यासारखी आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात, सेलूपासून पालमपर्यंत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान असतं. दहा बाय बाराची खोली, एक प्रिंटर, एक स्कॅनर, इन्व्हर्टर. खुर्चीत बसलेला पोरगा स्वतः पदवीधर असतो आणि स्वतःच्या फॉर्मबरोबर गावातल्या सगळ्यांचे फॉर्म भरत असतो. फोटो 50 केबीच्या आत बसत नाही. सही काळ्या शाईत हवी होती, आणलीय निळ्या. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मोबाइल बापाकडे, बाप शेतात, शेतात रेंज नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चअखेर संपलेली. शेवटच्या रात्री सर्व्हर बंद पडतो आणि दुकानाबाहेर वीस जण उभे राहतात. गावातल्या प्रत्येकाची जात, जन्मतारीख, बारावीचे टक्के आणि घरचं उत्पन्न या पोराला तोंडपाठ असतं. एवढं माहीत असलेला दुसरा माणूस गावात नसतो, तलाठीसुद्धा नाही.

हे दुकान डोळ्यापुढं ठेवून केव्हिन स्मिथचा 'क्लर्क्स' (1994) पाहावा. 27,575 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं साडेआठ लाखांच्या आसपास रुपये, एवढ्यात झालेला हा कृष्णधवल चित्रपट. स्मिथ न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानात काम करायचा. दिवसा दुकान चालू, म्हणून चित्रीकरण रात्री. पण कथा तर दिवसाची! मग त्यानं कथेतच तोड काढली : कुणीतरी कुलपांत च्युइंग गम कोंबल्यामुळं शटर उघडतच नाही, आणि नायक दिवसभर बंद शटरच्या आत बसून गिऱ्हाईक करतो. बाहेरचा अंधार लपला आणि पोराची कोंडीही दिसली. पैसे नव्हते ही अडचण तशीच ठेवली असती तर तो नुसता गरीब चित्रपट झाला असता.

कमी खर्चाचं कौतुक इथपर्यंतच ठीक आहे. 'कमी पैशात केलाय, सांभाळून घ्या,' असं म्हणणारे दिग्दर्शक हल्ली गल्लोगल्ली भेटतात. प्रेक्षकानं का सांभाळून घ्यावं? त्याचा वेळ काही सवलतीत मिळालेला नसतो. शॉन बेकरनं 'टँजरिन' (2015) आयफोनवर काढला हे खरं. पण चित्राचा प्रश्न फोननं सोडवला तरी आवाजाचा सोडवलेला नाही. परभणीत दुपारी शांतता असते असं ज्याला वाटतं त्यानं एकदा माइक लावून बघावं. पंखा, इन्व्हर्टरची गुणगुण, सायलेन्सर फोडलेली बुलेट, गाडीवरचा भोंगा, रेल्वेची शिट्टी. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' उभा केला हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर हार-तुरेही झाले. पण त्या चित्रपटाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं, हे नव्या पोरांना क्वचितच कुणी सांगतं. जमीन विकण्याची गोष्ट रंगवून सांगता येते, माइक नीट लावण्याची येत नाही.

कऱ्हाडे आणि नागराज मंजुळे हे दोघंही तेव्हाच्या अहमदनगरमधल्या न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागातून आलेले. मंजुळ्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट तिथल्या अभ्यासक्रमातला प्रकल्प होता, पुढं त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पुणे-मुंबईबाहेरच्या एका कॉलेजातला एक विभाग काय करू शकतो, हे यावरून दिसतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत पोरं कमी नाहीत, गोष्टीही कमी नाहीत.

साहित्यानं ही वाट फार आधी पाडलेली आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत सांगवीला परत येतो. फेलिनीचा मोराल्दो गाडीत बसतो तिथं चित्रपट संपतो. आपली कादंबरी त्याला परत आणून ओसरीवर बसवते आणि मग विचारते, आता काय? परतणं हा आपल्याकडचा मोठा विषय आहे, निघून जाणं नव्हे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला एकनाथ शिकूनसवरून घरच्या शेतात अडकलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे ('आलोक'ला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार) गावातलं राजकारण ज्या बारकाईनं लिहितात, त्यातून बॅनरवरच्या त्या पोराचा सगळा पत्ता लागतो. आणि बी. रघुनाथ! परभणीत निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कथा, कविता, कादंबऱ्या लिहिल्या आणि 1953 साली, चाळिशीत, गेले. ती कारकुनी त्यांना जाचली असणार. आज तीच जागा निघाली तर अभ्यासिका रात्रभर उघडी राहील.

सिनेमा मात्र मागे राहिला. मराठी पडद्यावर गावाकडचा शिकलेला रिकामा पोरगा येतो, पण पहिल्या अर्ध्या तासात त्याला काहीतरी लावून दिलं जातं : प्रेम, नाहीतर कोयता, नाहीतर कर्ज. आत्महत्येपर्यंत पोचलेला शेतकरी आपण पाहिला, त्याच घरात वरच्या खोलीत चालू घडामोडी पाठ करणारा त्याचा मुलगा पाहिला नाही. त्याला नुसतं राहू द्यायला निर्माता घाबरतो. आपल्या बोलीचंही तेच झालं. 'करायलो', 'जाऊ लालो', 'काहून' हे शब्द पडद्यावर आले की थिएटरात हशा पिकतो. इतकी वर्षं मराठवाडी बोलणारा माणूस विनोदासाठीच आणला गेला. त्या बोलीत एखादा मुलगा बापाशी पैशाबद्दल खालच्या आवाजात बोलतोय आणि कुणी हसत नाही, असा प्रसंग ज्याला जमेल त्यानं अर्धी लढाई मारली.

तरी गेल्या काही वर्षांत काही जण या विषयाच्या जवळ आले. अक्षय इंडीकर यांनी आधी 'उदाहरणार्थ नेमाडे' केला, मग 'त्रिज्या' (2019), जो शांघायच्या महोत्सवात दाखवला गेला. पुण्यात वर्तमानपत्रात काम करणारा, मनात कविता घेऊन हिंडणारा अवधूत त्याच्या मध्यभागी आहे. चित्रपट फार सुंदर दिसतो. मला तर कधीकधी वाटतं की जरा जास्तच सुंदर दिसतो. अवधूतच्या मेसचं बिल किती होतं हे कळलं असतं तर त्याच्या भटकण्याला आणखी वजन आलं असतं. पण त्यातले आवाज ऐकण्यासारखे आहेत. शहर, पाऊस, वाटेतली माणसं, सगळं आधी कानाला भेटतं. ध्वनिआरेखनासाठी मिळालेलं राष्ट्रीय पारितोषिक योग्यच होतं.

'जून' (2021) आपल्या अधिक जवळचा, कारण तो तेव्हाच्या औरंगाबादेत घडतो. वैभव खिस्ती आणि सुहृद गोडबोले यांचं दिग्दर्शन, निखिल महाजन यांचं लेखन. इंजिनिअरिंगमध्ये नापास होऊन घरी परतलेला नील आणि बाहेरून आलेली, त्याच्याहून मोठी नेहा. घरी परतलेल्या मुलाशी आईबाप कसे बोलतात, किंवा बोलत नाहीत, हे त्यात नेमकं पकडलं आहे. मराठवाड्याची राजधानी म्हणवणाऱ्या शहरातही एका तरुणाला श्वास घ्यायला जागा नाही, हे पाहिल्यावर परभणीकराला थोडं बरंही वाटतं. माणूस असा असतो.

आणि मग 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट 2023 साली टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथं त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि 2025मध्ये तो आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, बहुतेक माणसं गावातलीच, कॅमेऱ्याला नवखी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, समाजशास्त्र शिकणाऱ्या सविताला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. घरी कापसाचा भाव पडलेला आहे आणि पाहायला येणारे येत आहेत. पाट मांडला जातो, ती खाली बघत बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. हा प्रसंग पुन्हा घडतो, पुन्हा घडतो, तेच प्रश्न, तीच उत्तरं, फक्त प्रश्न विचारणारी तोंडं बदलतात. कथेत काहीच पुढं सरकत नाही आणि आपण खुर्चीत अवघडत जातो. सरकारी नोकरीच्या मुलाखतीत सिद्धार्थला निदान व्हिएतनामबद्दल तरी विचारलं होतं.

'स्थळ' पाहिल्यावर या सगळ्या चित्रपटमालिकेतली एक मोठी फट दिसते. मुलाला कॉलेजनंतर भरकटायला सहा-सात वर्षं मिळतात. रडतखडत का होईना, घर ती देतं. मुलीला निकाल आणि लग्न यांच्या मधला जेमतेम उन्हाळा मिळतो. मार्नीसारखं वर्षभर चुका करत राहण्याची मुभा गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या कुठल्या मुलीला आहे? अभ्यासिकेत मुलींचा कक्ष वेगळा असतो, तो संध्याकाळी लवकर रिकामा होतो, आणि जानेवारीत भरलेल्या टेबलांपैकी काही मे महिन्यात एकदम मोकळी होतात. कुणी परीक्षा पास झाली म्हणून नव्हे. या उलट बाजूला, नोकरी नाही म्हणून तिशी ओलांडूनही लग्न न जमलेले मुलगे आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत घडतात, पण एकाच चित्रपटात त्या अजून भेटलेल्या नाहीत.

जातीचंही असंच. ऑस्टिनच्या किंवा मार्नीच्या चित्रपटात ती नसेल, इथं ती फॉर्मच्या पहिल्याच पानावर आहे. जात प्रमाणपत्र, पडताळणी, प्रवर्ग, कट-ऑफ. एकाच अभ्यासिकेत शेजारी बसणारे दोन मित्र निकालाच्या दिवशी गुण सांगताना आवाज का चोरतात, आणि आरक्षणाच्या मोर्चात समोरासमोर आले तर दुसऱ्या दिवशी चहाला एकत्र कसे जातात, किंवा जात नाहीत, हे न दाखवता मराठवाड्यातल्या बेकार तरुणावर चित्रपट काढणं म्हणजे फोटोतला चेहराच कापून टाकणं.

टिपणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांना चित्रपट करायचाय त्यांनी 'क्लर्क्स' आणि 'ख्वाडा'वरची आधी वाचावीत, तिथं पैशाचे आणि आवाजाचे तपशील जास्त आहेत. नुसतं बघायचंय त्यांनी 'स्थळ'पासून सुरुवात करावी. एक आक्षेप मात्र येणार हे नक्की, आणि तो अभ्यासिकेतूनच येईल : 'हे तर आम्ही रोजच बघायलोय, तिकीट काढून परत कशाला बघायचं?' आक्षेप रास्त आहे. त्याला माझ्याकडे तत्त्वाचं उत्तर नाही, एक व्यवहारी सूचना आहे. असा चित्रपट परभणीत झालाच तर तो रविवारी संध्याकाळी लावू नये, तेव्हा टेस्ट सिरीज असते. कामाच्या दिवशी दुपारी तीनला लावावा. त्या वेळी निम्मी अभ्यासिका टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असते, आणि एवढ्यासाठी तिकीट पन्नास रुपयांच्या वर जाऊ देऊ नये.